मुलांची हाडे, व्हिटॅमिन डी आणि फ्रॅक्चर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाच्या हाताला प्लास्टर घालून घरी परतताना बहुतेक पालकांच्या मनात एकच शंका असते: याची हाडे कच्ची तर नाहीत ना? पुढच्या आठवड्यात कोणीतरी व्हिटॅमिन डी तपासायला सुचवते, रिपोर्टमधला आकडा लाल अक्षरांत येतो आणि शंकेची खात्री झाल्यासारखे वाटते. पालकांकडून सातत्याने आलेले असे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला मूलभूत प्रश्न आहेत, अवघड आणि अपवादात्मक प्रश्न शेवटी आहेत. एका उत्तरातली माहिती दुसऱ्यात पुन्हा न देता तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. औषधांची प्रमाणे सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहेत. आपल्या मुलाचे प्रमाण त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे.

१. व्हिटॅमिन डी हाडांसाठी नेमके काय करते?

हाडाला कठीणपणा येतो तो कॅल्शियम आणि फॉस्फरस यांच्या क्षारांमुळे, आणि हे दोन्ही घटक अन्नातूनच मिळवावे लागतात. व्हिटॅमिन डी स्वतः हाडाचा भाग होत नाही. आतड्यातून कॅल्शियम शोषले जावे यासाठी ते लागते. ते पुरेसे असेल तर आहारातल्या कॅल्शियमपैकी साधारण ३० ते ४० टक्के अंगी लागते, आणि ते फारच कमी असेल तर हे प्रमाण १० ते १५ टक्क्यांपर्यंत खाली येते. अशा वेळी मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त संप्रेरक सोडतात आणि हाडांतले कॅल्शियम काढून रक्तातली पातळी टिकवली जाते, कारण हृदय, स्नायू आणि मज्जातंतू यांना ती क्षणभरही ढळलेली चालत नाही. म्हणूनच रक्तातले कॅल्शियम ‘नॉर्मल’ आले एवढ्यावरून हाडे सुखरूप आहेत असे म्हणता येत नाही.

२. मुडदूस आणि हाडांची घनता कमी असणे हे एकच आहे का?

नाही, आणि हा फरक समजला की पुढचे अनेक गोंधळ टळतात. मुडदूस हा वाढत्या हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पट्टीचा आजार आहे. हाड तेथे लांबीला वाढते, पण त्यात क्षार बसत नाहीत आणि ते मऊ राहते. त्यामुळे मनगटे आणि घोटे रुंद दिसतात, फासळ्यांच्या पुढच्या टोकांना मण्यांच्या माळेसारख्या गाठी लागतात, टाळू उशिरा भरते, दात उशिरा येतात आणि मूल चालू लागल्यावर पाय वाकतात. तान्ह्या बाळात कधी कधी रक्तातले कॅल्शियम इतके घसरते की पहिले लक्षण म्हणून थेट झटकाच येतो. मनगटाच्या किंवा गुडघ्याच्या एक्स-रेवर मुडदुसाचे निदान होते.

घनता ही वेगळी बाब आहे. हाडात एकंदर किती क्षार साठले आहेत याचे ते मोजमाप आहे, आणि ते आनुवंशिकता, उंची, वजन, खेळ, आहार, औषधे आणि वयात येण्याची वेळ अशा कितीतरी गोष्टींवर ठरते. १९१९ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांमधला मुडदूस कॉड माशाच्या तेलाने टाळता येतो हे दाखवले, आणि त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्याखाली मुडदूस झालेली मुले बरी केली. वैद्यकशास्त्रातले हे मोठे यश आहे. मात्र एका आजारावर इतके अचूक चालणारे औषध हाडांच्या प्रत्येक तक्रारीवर चालेल ही अपेक्षाही त्यातूनच रूढ झाली, आणि ती पुराव्याला धरून नाही (प्रश्न ५ आणि ११).

३. आमच्या मुलीचे व्हिटॅमिन डी १६ आले आहे आणि रिपोर्टवर ‘कमी’ असे लिहिले आहे. हे गंभीर आहे का?

मुलगी अन्यथा निरोगी असेल तर गंभीर नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेले जागतिक तज्ज्ञांचे एकमत आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे यांनुसार रक्तातील २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी १२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर ती कमतरता मानतात, १२ ते २० म्हणजे अपुरी पातळी आणि २० च्या वर म्हणजे पुरेशी. अनेक प्रयोगशाळा मात्र ३० च्या खालचे सारे काही ‘कमी’ म्हणून छापतात. ३० ही मर्यादा अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०११ च्या शिफारशीतून आली होती आणि त्या संस्थेने २०२४ मध्ये ती मागे घेतली. रिपोर्टचे छापील नमुने अजून बदललेले नाहीत, इतकेच.

रिपोर्ट पाहताना एककही पाहावे. परदेशातील रिपोर्ट बहुधा नॅनोमोल प्रति लिटरमध्ये असतो आणि तो आकडा आपल्याकडच्या आकड्याच्या अडीच पट असतो. तिकडचे ५० म्हणजे इकडचे २०. १६ या आकड्यावर आहार, बाहेरचा खेळ आणि डॉक्टरांनी सांगितल्यास रोजचा छोटा डोस एवढे पुरते. १६ म्हणजे मुडदूस नव्हे.

४. मग प्रत्येक मुलाची एकदा तरी तपासणी करून घ्यावी का?

गरज नाही. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या १४ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या १८ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या २४ टक्के मुलांची पातळी १२ च्या खाली आढळली. हे प्रमाण लहान नाही. पण निरोगी मुलाची तपासणी करून हाती जे येते ते बहुधा प्रश्न ३ मधल्यासारखा एक मधला आकडा, पालकांची चिंता आणि महागडे बिल. तेच पैसे दूध-तीळ-नाचणीवर खर्च करावेत, हे आम्ही मनापासून सांगतो. मुडदुसाची लक्षणे, झटके, वारंवार फ्रॅक्चर किंवा प्रश्न १७ मधली एखादी परिस्थिती असेल तेव्हा तपासणी जरूर करावी, आणि तेव्हा केवळ व्हिटॅमिन डी न तपासता कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि आवश्यकतेनुसार पॅराथायरॉइड संप्रेरकही तपासावे. एकट्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

५. मुलगा सायकलवरून पडला आणि मनगटाजवळ हाड मोडले. व्हिटॅमिन डी कमी होते म्हणूनच मोडले ना?

बहुतेक वेळा नाही. या प्रश्नाला आता नेमके उत्तर देता येते, कारण तो प्रत्यक्ष चाचणीने तपासला गेला आहे. मंगोलियाची राजधानी उलानबातर येथे हिवाळा दीर्घ आणि अतिशय कडक असतो, मुले अंगभर कपड्यांत असतात आणि आहारात व्हिटॅमिन डी जवळजवळ नसते. तेथल्या शाळांतील ६ ते १३ वर्षे वयाच्या ८,८५१ मुलांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला तीन वर्षे दर आठवड्याला १४,००० युनिट व्हिटॅमिन डी मिळाले, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. सुरुवातीला ९५ टक्क्यांहून अधिक मुलांची पातळी २० च्या खाली होती. चाचणी संपली तेव्हा औषध घेणाऱ्या गटाची सरासरी ३१ होती आणि दुसऱ्या गटाची ११ च्या आसपास. दोन गटांत यापेक्षा स्पष्ट फरक मागता येणार नाही. तरीही २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत व्हिटॅमिन डी घेतलेल्या मुलांची हाडे कमी मोडल्याचे दिसले नाही. याच मुलांची उंची आणि वयात येण्याची गती यांवरही परिणाम आढळला नाही, त्यामुळे ‘उंची वाढावी म्हणून’ डी देणाऱ्यांनाही हेच उत्तर लागू आहे.

याचा अर्थ व्हिटॅमिन डी निरुपयोगी आहे असा नव्हे. मुडदूस झालेल्या मुलाचे मऊ हाड सहज मोडू शकते आणि तेथे उपचार अत्यावश्यक आहे. पण धावत्या-खेळत्या निरोगी मुलाचे मनगट मोडते ते प्रामुख्याने पडण्याच्या जोरामुळे आणि त्याच्या वयामुळे (प्रश्न ७).

६. पण फ्रॅक्चर झालेल्या मुलांमध्ये डी कमी असते असे वाचले आहे. मग खरे काय?

दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. दवाखान्यात आलेल्या मुलांची पातळी मोजली तर ती कमी निघते, पण शेजारच्या न पडलेल्या मुलांची मोजली तर तीही बरीचशी कमीच निघते. शिवाय ज्या मुलाचे वजन जास्त आहे, बाहेरचे खेळणे कमी आहे आणि आहारात दूध नाही, त्याची पातळीही कमी असते आणि हाडेही तुलनेने कमजोर असू शकतात. डी तेथे कारण नसून इतर कारणांची खूण असते. ही गाठ सोडवायला चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणीच लागते.

७. कोणत्या वयात हाडे जास्त मोडतात?

मुलींमध्ये साधारण ११ ते १२ आणि मुलांमध्ये १३ ते १४ या वयात. वयात येताना उंची झपाट्याने वाढते, पण त्या नव्या लांबीत क्षार भरायला काही महिने अधिक लागतात. तेवढा काळ हाड लांब असते आणि त्या मानाने नाजूक असते, आणि नेमक्या त्याच वर्षांत मुले सर्वांत बेधडक खेळतात. मनगटाजवळचे हाड सर्वांत जास्त मोडते, कारण पडताना मूल हात पुढे करते. ज्या देशांत अशी नोंद नीट ठेवली जाते तेथे सुमारे एक तृतीयांश ते निम्म्या मुलांचे वय १८ होईपर्यंत एकदा तरी हाड मोडलेले असते. लहान मुलाचे हाड लवचीक असल्यामुळे ते कित्येकदा ओल्या फांदीसारखे एका बाजूने चिरते किंवा नुसते दबते. अशी फ्रॅक्चर लवकर जुळतात.

८. हाड लवकर जुळावे म्हणून डी आणि कॅल्शियमचा जास्त डोस द्यावा का?

निरोगी मुलाचे मनगटाचे हाड साधारण तीन ते सहा आठवड्यांत आपोआप जुळते. नेहमीचा आहार पुरेसा आहे. हाडवैद्याकडे नेऊन बांबूच्या पट्ट्या घट्ट बांधून घेण्याची पद्धत अजूनही आहे. त्यात रक्तप्रवाह अडून बोटे काळी पडण्याचा आणि हात कायमचा गमावण्याचा धोका आहे. प्लास्टर असो वा पट्टी, बोटे सुजली, गार पडली, बधिर झाली किंवा वेदना वाढतच गेली तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

९. आपल्याकडे एवढे ऊन असताना कमतरता का होते? आणि बाळाला सकाळचे कोवळे ऊन देतो ते पुरते का?

त्वचेत व्हिटॅमिन डी तयार करणारे किरण अतिनील-बी प्रकारचे असतात आणि सूर्य वर आल्यावरच ते पुरेशा प्रमाणात जमिनीपर्यंत पोहोचतात. कोवळ्या उन्हात ते फारच कमी असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हा डी तयार होण्याजोगे ऊन आहे असे समजावे, म्हणजे ढोबळमानाने सकाळी दहा-अकरा ते दुपारी तीन. नेमक्या त्या वेळी मुले वर्गात असतात. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे बंद गॅलरीत ऊन घेण्याला अर्थ नाही. सावळ्या त्वचेतले रंगद्रव्य किरण अडवते, म्हणून तेवढीच पातळी गाठायला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्याचे चार महिने आभाळ भरलेले असते. आणि शहरात धूर असतो: २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीतील प्रदूषित मोरी गेट भागातील ९ ते २४ महिन्यांच्या मुलांची सरासरी पातळी १२.४ होती, तर त्या काळी तुलनेने मोकळ्या असलेल्या गुडगावमधील मुलांची २७.१.

मोठ्या मुलांनी हात-पाय उघडे ठेवून दिवसा बाहेर खेळावे. उन्हात नुसते बसवण्यापेक्षा खेळायला सोडणे हाडांसाठी दुप्पट मोलाचे आहे (प्रश्न १२). वैशाखातल्या भर दुपारी कोणालाच उन्हात ठेवू नये. तान्ह्या बाळाची त्वचा लगेच भाजते, म्हणून सहा महिन्यांपर्यंत त्याला थेट कडक ऊन देऊ नये. आंघोळीनंतर तेल लावून कोवळ्या उन्हात घेऊन बसायला हरकत नाही, आजीला आणि बाळाला दोघांनाही ते सुखाचे असते. फक्त त्यामुळे व्हिटॅमिन डीचे थेंब (प्रश्न १०) बंद करू नयेत.

१०. बाळाला थेंब किती द्यावेत, आणि साठ हजारांची पुडी मुलांना चालते का?

आईच्या दुधात व्हिटॅमिन डी फार कमी असते. त्यात दुधाचा काही दोष नाही, ते अन्य सर्व बाबतींत सर्वोत्तमच आहे. म्हणून जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच रोज ४०० युनिट सुरू करून ते वर्षभर द्यावेत. कमी दिवसांच्या बाळाचे प्रमाण डॉक्टर वेगळे ठरवतात. बाजारात एका मिलिलिटरमध्ये ४०० युनिटची आणि ८०० युनिटचीही बाटली मिळते. औषध दुकानदाराने दुसरी कंपनी दिली तर लेबल पुन्हा वाचावे आणि त्याच बाटलीसोबतचाच ड्रॉपर वापरावा, कारण चुका येथेच होतात. लेबलवर मायक्रोग्रॅम असेल तर ४० ने गुणावे. १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० युनिट. एक वर्षानंतर रोजची गरज सुमारे ६०० युनिट आहे. एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये १ ते १८ वर्षांच्या मुलांना रक्त न तपासता रोज माफक डी द्यावे असे सुचवले, पण त्यामागचा हेतू मुडदूस टाळणे आणि कदाचित श्वसनमार्गाचे संसर्ग कमी करणे हा आहे, फ्रॅक्चर टाळणे हा नाही.

साठ हजार युनिटची पुडी हे औषध आहे, टॉनिक नव्हे. ते डॉक्टरांनी निश्चित कमतरतेसाठी, ठरलेल्या आठवड्यांपुरते लिहून दिलेले असते. ‘आठवड्यातून एकदा’ याऐवजी रोज दिल्यामुळे, किंवा सहा आठवड्यांचा कोर्स संपल्यावरही महिनोन्महिने चालू ठेवल्यामुळे विषबाधा होते. पातळी १०० च्या वर जाते, रक्तातले कॅल्शियम वाढते, आणि मूल उलट्या करू लागते, त्याला बद्धकोष्ठ होते, तहान आणि लघवी वाढते, वजन घटते. मूत्रपिंडात कॅल्शियम साचते. ही लक्षणे दिसली तर उरलेली पाकिटे सोबत घेऊन रुग्णालयात जावे. दात येण्यासाठी, भूक लागण्यासाठी किंवा केस गळतात म्हणून कोणीही आपल्या मनाने ही पुडी मुलाला देऊ नये.

मुडदूस सिद्ध झाल्यावर मात्र उपचाराचे प्रमाण मोठे असते. जागतिक एकमतानुसार ते वर्षाखालील बाळाला रोज २,००० युनिट, १ ते १२ वर्षांच्या मुलाला ३,००० ते ६,००० आणि त्यापुढे ६,००० असे किमान ९० दिवस, आणि सोबत रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. हे कॅल्शियम गाळले तर उपचार लंगडा राहतो.

११. व्हिटॅमिन डी दिल्याने हाडांची घनता तरी वाढते का?

ज्यांची पातळी पुरेशी आहे त्यांच्यात नाही. चाचण्यांचा २०१० साली जो एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात सर्वसाधारण निरोगी मुलांच्या घनतेत लक्षणीय फरक दिसला नाही. ज्यांची पातळी खूप कमी होती त्यांच्यात थोडा फायदा होण्याची शक्यता मात्र दिसली. बैरूतमध्ये १० ते १७ वर्षांच्या १७९ मुलींवर झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका वर्षाच्या उपचाराने पाळी सुरू न झालेल्या मुलींमध्येच खुब्याच्या हाडातील क्षार वाढल्याचे आढळले. यावरून आम्ही असे समजतो की फायदा असलाच तर तो तीव्र कमतरता असलेल्या आणि झपाट्याने वाढणाऱ्या मुलांपुरता आहे. उंचीच्या सर्वांत वेगवान वाढीच्या आसपासच्या दोनच वर्षांत प्रौढपणीच्या हाडातील क्षारांपैकी सुमारे एक चतुर्थांश साठा जमा होतो, हे पाहता त्या वयाकडे जास्त लक्ष देणे सयुक्तिक आहे. आपल्याकडे मात्र त्याच वयात मुलींचे खेळणे थांबते, आणि याचा आम्हाला फार खेद वाटतो.

१२. औषधाशिवाय हाडे मजबूत करण्याचा उपाय कोणता?

उड्या. हाडावर थोडा अचानक भार आला की तेथे नवे हाड रचले जाते, आणि वयात येण्याआधी आणि वयात येण्याच्या सुरुवातीला हाड या इशाऱ्याला सर्वाधिक दाद देते. टेनिसपटूंच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते, हा याचा सर्वांत सोपा पुरावा. दोन्ही हातांत वाहणारे रक्त आणि त्यातले व्हिटॅमिन डी एकच असते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सहा ते नऊ-दहा वर्षांच्या मुलांनी आठवड्यातून तीनदा, दर वेळी ठोकळ्यावरून १०० उड्या असे सात महिने केले, तेव्हा खुबा आणि कमरेच्या मणक्यांतले क्षार व्यायामाच्या दुसऱ्या प्रकारातील मुलांपेक्षा जास्त वाढले. ठोकळे नसले तरी अडत नाही. लंगडी, दोरीवरच्या उड्या, खो-खो, लगोरी, फुगडी या सगळ्यांत पायांवर भार येतो. पोहणे आणि सायकल हृदयासाठी उत्तम आहेत, पण पाण्यात आणि सीटवर शरीराचा भार हाडांवर फारसा येत नाही, म्हणून तेवढ्यावर थांबू नये.

फ्रॅक्चर झाले म्हणून हाड जुळल्यावरही वर्षभर खेळ बंद ठेवणारे पालक भेटतात. काळजीपोटी केलेले असले तरी त्याने हाड आणखी कमजोर होते.

१३. मुलाला दूध आवडत नाही. कॅल्शियम कसे पूर्ण करावे?

कॅल्शियमच पोटात जात नसेल तर डी शोषून काय घेणार? आफ्रिकेत भरपूर ऊन असूनही नायजेरियातील मुलांना मुडदूस होत होता. तेथील मुलांवरच्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या व्हिटॅमिन डीपेक्षा कॅल्शियमने, किंवा दोन्ही मिळून, मुले जास्त चांगली बरी झाली. त्यांच्या आहारात दिवसाला सुमारे २०० मिलिग्रॅमच कॅल्शियम होते. दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा कमी कॅल्शियम मिळत असेल तर मुडदुसाचा धोका वाढतो, आणि चहा-चपाती-बटाटा यांवर दिवस काढणारे मूल, त्याच्या अंगावर कितीही ऊन पडो, त्या पातळीच्या जवळ असते.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १ ते ३ वर्षांना रोज ५०० मिलिग्रॅम, ४ ते ६ वर्षांना ५५०, ७ ते ९ वर्षांना ६५०, १० ते १२ वर्षांना ८५० आणि १३ ते १५ वर्षांना १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. गाईच्या किंवा म्हशीच्या कपभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधातून साधारण २४० मिलिग्रॅम मिळते. दूध आवडत नसेल तर दही, ताक, पनीर चालते. ताकात पाणी जास्त असेल तर त्या हिशेबाने कमी धरावे. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पण तिच्यातल्या फायटेटमुळे ते पूर्ण शोषले जात नाही. मोड आणून केलेल्या नाचणी सत्त्वात फायटेट कमी होते, आणि आंबवलेल्या आंबिलीतही. तीळ न सोललेले असतील तर १० ग्रॅमला सुमारे १२५ मिलिग्रॅम देतात, म्हणजे संक्रांत वर्षभर चालू ठेवायला हरकत नाही. शेवग्याचा पाला आणि राजगिऱ्याची पालेभाजी यांच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमच्या वर असते. पालकात कॅल्शियम असले तरी ऑक्झलेटमुळे त्यातले फारच थोडे मिळते. किनारपट्टीवर सुकट, जवळा, मांदेली असे काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे मासे हा मोठा ठेवा आहे.

दुधाची जागा शीतपेयाने घेतली की नुकसान दोन्हीकडून होते. मूल खरोखरच काही घेत नसेल तर गोळी किंवा सिरप डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे.

१४. मुलाची डेक्सा स्कॅन करून घ्यावी का? केंद्रात ‘ऑस्टिओपोरोसिस’ असा शिक्का मारला आहे.

डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. ती एकाच फ्रॅक्चरसाठी करू नये. केली असेल तर आधी रिपोर्टमध्ये कोणता स्कोअर दिला आहे ते पाहावे. टी-स्कोअर मुलाची तुलना तरुण प्रौढाशी करतो, आणि दहा वर्षांच्या मुलाची हाडे तिशीतल्या माणसाइतकी भरलेली नसणारच. मुलांसाठी वय आणि लिंग यांच्याशी तुलना करणारा झेड-स्कोअर वापरतात, आणि मूल ठेंगणे असेल तर उंचीनुसार दुरुस्तीही करावी लागते, कारण डेक्सा लहान हाडाला कमी घनतेचे समजते. स्कॅन कमरेच्या मणक्यांचे आणि डोके वगळून संपूर्ण शरीराचे करतात.

मुलांमध्ये ऑस्टिओपोरोसिस हे निदान केवळ स्कॅनवरून करता येत नाही. मोठ्या आघाताशिवाय मणका दबलेला असणे, किंवा झेड-स्कोअर उणे २ अथवा त्याखाली असून सोबत दहाव्या वर्षापर्यंत लांब हाडांची दोन किंवा एकोणिसाव्या वर्षापर्यंत तीन फ्रॅक्चर झालेली असणे, अशी आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे. तो शिक्का या कसोटीवर टिकतो का ते बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

१५. चालताना पाय धनुष्यासारखे वाकलेले दिसतात, किंवा गुडघे एकमेकांना लागतात. मुडदूस असेल का?

दोन वर्षांपर्यंत पाय थोडे बाहेर वाकलेले असणे आणि तीन-चार वर्षांच्या सुमारास गुडघे आत येणे ही वाढीचीच पायरी आहे. सात-आठ वर्षांपर्यंत पाय सरळ होतात. एकाच पायात वाक असेल, तो वाढत असेल, मूल ठेंगणे राहिले असेल, मनगटे रुंद असतील किंवा दोन वर्षांनंतरही धनुष्यासारखा वाक असेल तर एक्स-रे आवश्यक आहे. मालिशने किंवा घट्ट लंगोट बांधून पाय सरळ होत नाहीत. रात्री दोन्ही पोटऱ्या दुखतात आणि सकाळी मूल उड्या मारत शाळेत जाते, अशा दुखण्याला वाढीचे दुखणे म्हणतात. लंगडणे, ताप, एकाच जागी दुखणे किंवा दुखण्याने दिवसा खेळणे बंद होणे हे मात्र त्यात बसत नाही.

१६. व्हिटॅमिन डीचे तीन-तीन कोर्स झाले, तरी मुडदूस बरा होत नाही. आता काय?

आणखी डी देऊ नये. आधी औषध खरोखर पोटात गेले का आणि कॅल्शियम दिले होते का ते पाहावे (प्रश्न १० आणि १३). दोन्ही झाले असेल आणि तीन महिन्यांत एक्स-रेवर सुधारणा नसेल, तर तो पोषणाचा मुडदूस नसण्याची शक्यता आहे. एका आनुवंशिक प्रकारात मूत्रपिंडातून फॉस्फरस वाहून जाते; रक्तात कॅल्शियम आणि डी ठीक असतात, फॉस्फरस कमी असते, आणि आई-वडिलांपैकी कोणी ठेंगणे व पायांनी वाकलेले असू शकते. त्याला फॉस्फेट आणि कॅल्सिट्रायॉल (डीचे सक्रिय रूप), किंवा बुरोसुमॅब हे औषध लागते. दुसऱ्या दुर्मीळ प्रकारांत डीचे सक्रिय रूपच तयार होत नाही किंवा शरीर त्याला दाद देत नाही. या शेवटच्या प्रकारात कधी कधी डोक्यावर केसही नसतात. मूत्रपिंडाचा जुना आजारही असाच दिसतो. बाल-अंतःस्रावतज्ज्ञ किंवा बाल-मूत्रपिंडतज्ज्ञ यांना दाखवण्याची ही वेळ आहे.

१७. आमच्या मुलाला दुसरा आजार आहे. त्याच्यासाठी वरचे सगळे लागू आहे का?

पूर्णपणे नाही. मंगोलियाची चाचणी निरोगी शाळकरी मुलांवर झाली. तिचा निष्कर्ष पुढील मुलांवर लादू नये. फेनिटॉइन, फिनोबार्बिटल, कार्बामाझेपिन यांसारखी झटक्यांची औषधे दीर्घकाळ घेणारी मुले, नेफ्रोटिक सिंड्रोम (लघवीतून प्रथिने जाण्याचा मूत्रपिंडाचा आजार) किंवा दमा यांसाठी महिनोन्महिने पोटातून स्टेरॉइड घेणारी मुले, थॅलेसेमिया, सिलिॲक म्हणजे गव्हाचा त्रास, यकृत-मूत्रपिंडाचे आजार, आणि सेरेब्रल पाल्सी किंवा स्नायूंच्या आजारामुळे पायांवर उभी न राहणारी मुले यांची हाडे खरोखर धोक्यात असतात. येथे पातळी तपासणे, नियमित डोस देणे आणि प्रसंगी डेक्सा व मणक्यांचा एक्स-रे करणे योग्य आहे. स्टेरॉइड घेणाऱ्या मुलाची पाठ दुखली तर मणका दबला नाही ना ते पाहावे. मात्र हाडांच्या भीतीने झटक्यांचे औषध किंवा स्टेरॉइड स्वतःहून कधीही बंद करू नये.

लठ्ठ मुलांत डी चरबीत अडकून राहते आणि उपचाराचा डोस दोन-तीन पट लागतो.

१८. आम्ही ब्रिटनमध्ये राहतो. तिथे वेगळे काही करावे लागते का?

होय. उत्तरेकडे हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो की ऑक्टोबर ते मार्च त्वचेत डी जवळजवळ तयार होत नाही. ग्लासगोसारख्या शहरांत दक्षिण आशियाई कुटुंबांमधील मुडदूस १९७० च्या दशकात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न बनला होता. तेथील सरकारी सल्ल्यानुसार १ ते ४ वर्षांच्या मुलांना वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम द्यावे, आणि त्यापुढील वयात सावळ्या त्वचेच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा. स्तनपानावरील बाळाला ८.५ ते १० मायक्रोग्रॅम सांगितले आहे. दिवसाला ५०० मिलिलिटरहून अधिक डब्याचे दूध घेणाऱ्या बाळाला वेगळे लागत नाही, कारण त्या दुधात ते मिसळलेले असते.

१९. मुलीची चार वर्षांत तीन हाडे मोडली, तीही साध्या पडण्याने. डी पुरेसे आहे. पुढे काय?

साध्या पडण्याने, म्हणजे उभ्या उंचीवरून किंवा त्याहूनही कमी जोराने, वारंवार लांब हाडे मोडणे ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही. डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसणे, दात ठिसूळ असणे, सांधे अतिशय लवचीक असणे, कुटुंबात लवकर बहिरेपणा येणे किंवा इतरांची हाडे मोडलेली असणे, यांपैकी काही असेल तर ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा या जन्मजात ठिसूळपणाचा विचार करतात. त्यात दोष क्षारांचा नसून हाडाच्या आतल्या कोलॅजेन प्रथिनाचा असतो, म्हणून डीने तो सुधारत नाही. पॅमिड्रोनेट किंवा झोलेड्रॉनिक ॲसिडची इंजेक्शने तज्ज्ञांच्या देखरेखीखाली देतात. मुलीचे सर्व जुने एक्स-रे एका पाकिटात सांभाळून ठेवावेत, कारण निदानात त्यांचा मोठा उपयोग होतो.

२०. अजून न रांगणाऱ्या बाळाचे हाड मोडले. ‘डी कमी आहे म्हणून’ असे म्हणता येईल का?

जे बाळ स्वतःहून पालथेही होत नाही त्याचे मांडीचे, दंडाचे किंवा फासळीचे हाड आपोआप मोडत नाही. तीव्र मुडदुसात ते शक्य आहे, पण तेव्हा एक्स-रेवर मुडदूस स्पष्ट दिसतो आणि अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले असते. केवळ रक्तातला आकडा कमी आहे आणि एक्स-रेवर मुडदुसाची खूण नाही, तर तेवढ्यावरून फ्रॅक्चरचे स्पष्टीकरण होत नाही. अशा वेळी डॉक्टर संपूर्ण शरीराचे एक्स-रे काढतात, प्रश्न १९ मधल्या आजाराचा शोध घेतात, आणि बाळाला कोण सांभाळते, काय घडले, हेही विचारतात. हे प्रश्न कुटुंबाला दुखावतात, पण बाळ बोलू शकत नाही म्हणून ते विचारावेच लागतात. बाळाला इजा झाल्याची शंका घरातल्याच कोणाच्या मनात असेल तर ती डॉक्टरांना सांगावी किंवा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर फोन करावा. तो क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.